हीव्ह म्हणजे नुसतं उचलणं नव्हे

इंग्रजी-मराठी कोशात 'हीव्ह' या क्रियापदापुढे बहुधा 'जोर लावून उचलणे' एवढंच दिलेलं असतं. अर्थ चुकीचा नाही, पण तेवढ्या शिदोरीवर इंग्रजी वाचायला बसलं की लवकरच अडायला होतं. समुद्र हीव्ह करतो. धावून आलेल्या माणसाची छाती हीव्ह करते. शनिवारी रात्री लंडनमधला पब हीव्ह करत असतो. जमीन हीव्ह करते. यात कोण काय उचलतंय?

आधी सोपा अर्थ घेऊ. उचलण्यासाठी इंग्रजीत 'लिफ्ट' हा साधा, सगळीकडे चालणारा शब्द आहे. कप, फोन, पडदा, बंदी, सगळं 'लिफ्ट' होतं. 'हीव्ह' मात्र तेव्हाच येतो, जेव्हा वस्तू उचलणाऱ्याच्या ताकदीच्या जवळपास किंवा थोडी पलीकडे असते. म्हणजे इथे किलोचा हिशोब नाही, वस्तू आणि माणूस यांच्यातल्या झटापटीचा आहे. पन्नास किलोचं पोतं पैलवानाने 'लिफ्ट' केलं म्हणता येईल, तेच शाळकरी पोराने उचललं तर 'हीव्ह'. चहाचा कप कुणी 'हीव्ह' केला असं लिहिलं, तर वाचणारा समजतो की एक तर माणूस आजारी आहे किंवा लेखक थट्टा करतोय.

बाजार समितीत ट्रक भरताना बघा. दोन माथाडी पोत्याचे दोन-दोन कान धरतात, पोतं जमिनीपासून जरा सुटतं, एकदा मागे झुलतं, आणि पुढच्या झोक्याला दोघांच्या तोंडून एकदमच 'हं' निघतो. त्याच क्षणी पोतं तिसऱ्याच्या पाठीवर गेलेलं असतं. मग तो फळीवरून चढून ते थप्पीला लावतो. यातला जो झोका आणि 'हं' आहे, तो 'हीव्ह'. फळीवरून नेणं 'कॅरी', थप्पी रचणं 'स्टॅक'. हातांऐवजी दोरी आणि कप्पी लावून माल वर घेतला असता तर इंग्रजीत 'हॉइस्ट' आलं असतं. झेंड्यालाही म्हणूनच 'हॉइस्ट' लागतं, कारण तो दोरीने वर जातो. 'हीव्ह'मध्ये यंत्र असलंच तर ते मुळात माणसाच्या ताकदीवर फिरणारं असायचं.

मराठीला याची उणीव भासत नाही, कारण आपण हे काम क्रियापदावर न टाकता त्याच्या शेजारच्या शब्दांवर टाकतो. 'नेट लावून', 'दम खाऊन', 'हिसडा देऊन', 'अंगाला झोका देऊन' उचललं, लोटलं, भिरकावलं. इंग्रजी या क्रियापदात नेट आतच भरलेला आहे आणि दिशा बाहेर ठेवलेली आहे. त्यामुळे वाक्यात 'हीव्ह'नंतर बहुतेक वेळा दिशेचा शब्द येतो: 'अप', 'ओव्हर', 'आउट', 'ऑन टू'. 'ही हीव्ह्ड द सॅक' एवढ्यावर वाक्य थांबलं तर कानाला अपुरं वाटतं. कुठे टाकलं ते सांगा, मग पुरं होतं. म्हणूनच याचा अर्थ कधी उचलणं, कधी फेकणं, कधी ओढणं असा बदलताना दिसतो. दगड खिडकीवर 'हीव्ह' केला तर भिरकावला. स्वतःला खुर्चीतून 'हीव्ह' केलं तर कसाबसा उठला. जोर तोच, दिशा वेगळी.

याहून महत्त्वाची एक गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकांतून निसटते. 'लिफ्ट'मध्ये काम झालेलं असतं. 'हीव्ह'मध्ये ते होईलच असं नाही. 'दे हीव्ह्ड अॅट द डोअर' म्हणजे त्यांनी दाराला जोर लावला. दार उघडलं की नाही, हे वाक्य सांगत नाही. क्रियापदाची नजर दारावर नसून जोर लावणाऱ्यांवर आहे. कोशातलं 'उचलणे' इथेच दिशाभूल करतं, कारण 'उचलणे' म्हटलं की वस्तू उचलली गेली.

हा शब्द सगळ्यात जास्त घासला गेला तो शिडाच्या जहाजांवर. खलाशांच्या इंग्रजीत 'हॉल' आणि 'हीव्ह' यांत नेमका फरक होता. हाताने सरळ दोर खेचला तर 'हॉल'. दोर कॅपस्टनला गुंडाळून खेचला तर 'हीव्ह'. कॅपस्टन म्हणजे डेकवर उभा बसवलेला जाडजूड पिंप. त्याच्या डोक्यातल्या खाचांत लांब दांडे घालायचे, दांड्यांना छाती भिडवायची आणि सगळ्यांनी मिळून गोल फिरायचं. मोठ्या जहाजाचा नांगर असाच वर यायचा. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागला नाही तर दांडा उलटा फिरून बरगड्या मोडायचा, म्हणून ताल धरायला गाणी आणि 'हीव्ह हो'ची आरोळी. आपल्याकडच्या 'हैशा'चं आणि तिचं काम एकच. अर्थ कुणी विचारत नाही, ठेका चुकला की मात्र कळतं.

जहाजावरचा दुसरा 'हीव्ह' फेकण्याचा, आणि तो आजही रोज चालतो. मोठं जहाज धक्क्याला लागताना त्याचे मनगटाएवढे जाड दोर कुणी हातांनी धक्क्यावर फेकू शकत नाही. आधी एक बारीक दोरी फेकतात, तिला 'हीव्हिंग लाइन' म्हणतात. तिच्या टोकाला चेंडूसारखी गोल गाठ असते, खलाशांच्या बोलीत 'माकडाची मूठ'. धक्क्यावरचा माणूस ती दोरी पकडून ओढतो आणि तिच्यामागून जाड दोर येतो. न्हावा-शेव्याला असो की रॉटरडॅमला, बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा, ही दोरी नेम धरून फेकणं हे सुरुवातीच्या धड्यांपैकी एक असतं.

'हीव्ह हो' ही आरोळी पुढे जमिनीवर आली आणि तिचा अर्थ बदलला. एखाद्याला 'द हीव्ह हो' दिला म्हणजे त्याला नोकरीतून, संघातून किंवा प्रेमातून बाहेर काढलं. इथे मराठीला शोधाशोध करावी लागत नाही. आपली 'उचलबांगडी' तंतोतंत बसते. माणसाला हातापायांनी उचलून दाराबाहेर नेण्याचं चित्र दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे ते आता फक्त बोलण्यापुरतं उरलंय. फरक एवढाच, की आपल्या वर्तमानपत्रांत उचलबांगडी बहुधा अधिकाऱ्याची होते आणि इंग्रजीत 'हीव्ह हो' बॉयफ्रेंडलाही मिळतो.

या क्रियापदाचं भूतकाळी रूप दोन प्रकारचं आहे. रोजच्या वापरात 'हीव्ह्ड'. समुद्राच्या भाषेत 'होव्ह'. 'वीव्ह'चं 'वोव्ह' होतं, तीच तऱ्हा. 'होव्ह' आता दोन-तीन ठराविक जागीच भेटतो. 'द शिप होव्ह इन टू व्ह्यू' म्हणजे जहाज नजरेच्या टप्प्यात आलं. पृथ्वी गोल असल्याने दूरचं जहाज आधी डोलकाठीच्या टोकाने दिसतं, मग शिडं, मग खालचा सांगाडा. पाहणाऱ्याला ते पाण्यातून वर उचललं जातंय असंच वाटतं. आजचे पत्रकार हाच प्रयोग गल्लीच्या टोकाला उगवलेल्या लठ्ठ पुढाऱ्यासाठी चेष्टेने वापरतात. दुसरी जागा 'होव्ह टू'. वादळात शिडाची बोट थोपवायची तर पुढचं शीड वाऱ्याच्या उलट धरतात आणि सुकाणू विरुद्ध बाजूला बांधतात. शीड एकीकडे ढकलतं, सुकाणू दुसरीकडे, आणि बोट जवळजवळ जागच्या जागी शांत राहते. ही युक्ती म्हणजे 'हीव्ह टू', आणि अशी थांबलेली बोट 'होव्ह टू'. काही जण 'होव्ह' हाच मूळ शब्द समजून त्याला पुन्हा 'होव्ह्ड' करतात. ते टाळावं.

मुळाकडे गेलं तर जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'हेब्बन' असं होतं, आणि जर्मनमध्ये आजही उचलण्याला 'हेबेन' म्हणतात. 'हेवी', म्हणजे जड, हा त्याच घरातला. जे उचलायला 'हीव्ह' करावं लागतं ते 'हेवी'. हातात घेऊन वजनाचा अंदाज घेणं म्हणजे 'हेफ्ट', तोही त्यातलाच. जर्मनमध्ये यीस्टला 'हेफे' म्हणतात, कारण ते पीठ वर उचलतं. आणखी मागे गेलं तर लॅटिनचं 'कापेरे', म्हणजे पकडणं, हे चुलत भावंड निघतं. त्यातून 'कॅप्चर' आणि 'कॅप्टिव्ह' आले. लॅटिनचा 'क' जर्मन कुळात 'ह' होतो, हा नियम भाषेच्या अभ्यासकांना दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

आता पहिल्या परिच्छेदातल्या कोड्याकडे येऊ. जिथे कर्म नाही, म्हणजे कुणीच काही उचलत नाही, तिथे 'हीव्ह'चा अर्थ होतो आतून जोराने वर येणं आणि पुन्हा खाली जाणं. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द 'उसळणे'. समुद्र उसळतो, गर्दी उसळते. पण छाती उसळत नाही, ऊर धपापतं. पोट उसळत नाही, ढवळतं आणि उमासे येतात. पोटात काही नसताना येणाऱ्या कोरड्या उमाशांना इंग्रजीत 'ड्राय हीव्ह्ज' म्हणतात. मराठीत एकाच क्रियेची अशी चार घरं आहेत, इंग्रजीने ती एका छपराखाली आणली. भाषांतर करताना म्हणूनच आधी विचारावं, वर काय येतंय. पाणी, श्वास, माणसं की जेवण? शब्द त्यावर ठरतो.

काही धंद्यांत हा शब्द अगदी मोजूनमापून वापरला जातो. बोटीच्या हालचाली सहा प्रकारच्या मानतात, आणि त्यातली सरळ वर-खाली होणारी ती 'हीव्ह'. डुलणं किंवा हेलकावणं वेगळं, त्यांना वेगळी नावं आहेत. खोल समुद्रात तेलासाठी विहीर खोदणाऱ्या जहाजाला याची सगळ्यात जास्त भीती. जहाज लाटेबरोबर वर-खाली होतं, पण त्याच्या पोटातून खाली गेलेल्या ड्रिलचं टोक खडकावर एकाच दाबाने टेकलेलं राहायला हवं. त्यासाठी 'हीव्ह कॉम्पेन्सेटर' नावाची यंत्रणा असते. जहाज जेवढं वर जाईल तेवढी ती दोर सोडते, खाली आलं की आवळते. मुंबई हायवर १९७४ मध्ये पहिली विहीर खोदणाऱ्या 'सागर सम्राट'ला तिची गरज नव्हती, कारण ते जॅक-अप जातीचं होतं. समुद्राच्या तळावर पाय रोवायचे आणि स्वतःला पाण्याच्या वर उचलून घ्यायचं. एकदा असं उभं राहिल्यावर लाटेने 'हीव्ह' होण्याचा प्रश्नच नाही.

डॉक्टरांचा 'हीव्ह' तळहाताखाली सापडतो. वैद्यकीयच्या विद्यार्थ्याला शिकवतात की रुग्णाच्या छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेवर तळहाताचा मनगटाजवळचा भाग टेकव आणि थांब. हृदयाचा उजवा कप्पा जास्त दाबाविरुद्ध काम करून जाड झाला असेल, तर प्रत्येक ठोक्याला हात चक्क उचलला जातो. तो 'पॅरास्टर्नल हीव्ह'. डाव्या बाजूला, हृदयाच्या टोकापाशी, बोटांना असाच जोरकस आणि टिकून राहणारा उचल लागला तर 'हीव्हिंग एपेक्स'. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला असणं किंवा महारोहिणीची झडप आकसलेली असणं, ही त्याची नेहमीची कारणं. उलट संधिवाताच्या तापाने डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णात हृदयाच्या टोकापाशी नुसती टिचकी लागते, तिला 'टॅपिंग' म्हणतात. टिचकी लागते आणि जाते. 'हीव्ह' बोट वर नेतो आणि क्षणभर वरच धरून ठेवतो. या शब्दात जोराबरोबर ठहरावही आहे, हे मला कुठल्याही कोशापेक्षा या तपासणीवरून जास्त नीट कळतं.

महाराष्ट्रात मात्र 'हीव्ह' सगळ्यात जास्त वेळा उच्चारला जात असेल तो सिव्हिल इंजिनिअरच्या तोंडून, तोही काळ्या मातीबद्दल. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण पापुद्र्यांचे, आणि पापुद्र्यांच्या मधोमध पाणी शिरतं. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला हे मानवतं. घराला मानवत नाही. गंमत अशी, की उंच इमारतीला याचा त्रास कमी आणि बैठ्या घराला जास्त. माती फुगताना वर ढकलते, आणि तिला दाबून धरायला बैठ्या घराचं वजन पुरत नाही. जोत्याला तडे जातात, दारं चौकटीत अडकतात. घराने झाकलेल्या जमिनीतला ओलावा वर निघून जाऊ शकत नाही, तो मधोमध साठत राहतो आणि खोलीची फरशी मध्ये टम्म फुगते. मालक गवंड्याला शिव्या देतो. पुष्कळदा गवंड्याचा दोष नसतो.

यावर जुना उपाय म्हणजे काळी माती खणून काढायची आणि मुरूम भरायचा. थर फार खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. खांब साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल जातो आणि तळाशी त्याला कांद्यासारखा फुगवटा असतो. वरची माती फुगली तरी तो फुगवटा खालच्या, वर्षभर ओलावा न बदलणाऱ्या थरात अडकून खांबाला वर येऊ देत नाही. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी वेगळी वाट काढली. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर दाबून बसवायचा. कालव्यांच्या अस्तराखाली ही पद्धत वापरली गेली.

थंड देशांत हेच काम बर्फ करतो. त्याला 'फ्रॉस्ट हीव्ह' म्हणतात. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत, व्हर्माँट किंवा न्यू हॅम्पशरमध्ये, हिवाळ्यानंतर रस्त्याकडेला 'फ्रॉस्ट हीव्ह्ज' अशा पिवळ्या पाट्या दिसतात. बॉस्टनकडे राहणारी मराठी मंडळी त्या रस्त्यांवरून जातात तेव्हा पाटीचा अर्थ गाडीच्या शॉकअॅब्सॉर्बरला आधी कळतो. पाण्याचा बर्फ होताना ते नऊ टक्के फुगतं, म्हणून रस्ता उचलला जातो, असं कुणालाही वाटेल. अमेरिकी भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९च्या सुमारास हे खोटं पाडलं. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन घातलं. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर आली. खरं कारण असं, की बारीक मातीत खालचं पाणी गोठणाऱ्या थराकडे वर खेचलं जातं आणि तिथे शुद्ध बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. वर येणारी जमीन त्या चकत्यांच्या जाडीने वर येते. तिथल्या शेतांत दर वसंतात नवे धोंडे वर आलेले दिसतात, तेही याच कारणाने.

भूशास्त्रात या शब्दाने एक विचित्र कोलांटी मारली आहे. जमिनीत भ्रंश पडून थर सरकले, तर उभ्या सरकण्याला 'थ्रो' म्हणतात आणि आडव्या सरकण्याला 'हीव्ह'. नेमकं उलटं असायला हवं होतं, पण खाणींत ती भाषा रूढ झाली ती झालीच. परीक्षा देणाऱ्यांनी पाठ करावं, तर्क लावू नये. 'अपहीव्हल' हाही भूशास्त्रज्ञांचा शब्द, एकोणिसाव्या शतकात पृथ्वीचं कवच वर उचललं जाण्यासाठी वापरलेला. राजकारणातली 'उलथापालथ' त्यातून नंतर आली.

आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत मात्र या क्रियापदाचं एकच लग्न सतत लागत असतं, 'साय'शी. पाऊस आला, शेतकऱ्यांनी 'हीव्ह्ड अ साय ऑफ रिलीफ'. पेपर सोपा गेला, विद्यार्थ्यांनी तेच. आपण सुटकेचा निःश्वास 'टाकतो', इंग्रजी तो आतून वर काढतं. प्रयोग बरोबर आहे, फक्त झिजलाय. हसू, आरोळी किंवा जांभई मात्र 'हीव्ह' होत नाही. उसासा आणि फार तर कण्हणं, एवढ्यापुरतंच हे चालतं.

आणि क्रिकेट. समालोचक एखाद्या फटक्याला 'हीव्ह' म्हणाला तर ते कौतुक समजू नका. फलंदाजाने चेंडूची रेषा सोडून आडवी बॅट सगळ्या ताकदीनिशी लेगला फिरवली, चेंडू डीप मिडविकेट आणि लाँग-ऑनच्या मधल्या 'काउ कॉर्नर'कडे जावा म्हणून. 'ड्राइव्ह' किंवा 'फ्लिक' म्हटलं की फटक्याची नजाकत सांगितली जाते, 'हीव्ह' म्हटलं की नुसती खटपट. चेंडू स्टँडमध्ये गेला तरी शब्द बदलत नाही. शेपटाचे फलंदाज खेळायला आले की तो जास्त ऐकू येतो.